हार्लेमच्या तळघरातील दवाखाना

न्यूयॉर्कमधील ज्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच्या शेजारीच हार्लेम हा विभाग आहे. कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून तो पुढे जगभर ख्यातनाम झाला. दक्षिणेतील जाच चुकविण्यासाठी हजारो कुटुंबे तेथे येऊन राहिली. पण जाच चुकला नाही, त्याचे रूप तेवढे पालटले. घरांची कोंदट दाटी, बेकारी आणि पावलोपावली होणारी अवहेलना यांनी माणसे मनाने खचत. परंतु खचलेल्या मनावर औषधोपचार मिळावा असे ठिकाण त्यांना जवळजवळ नव्हतेच.

याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हे. १८५१ साली लुइझियानातील सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टराने, पळून जाण्याची गुलामाची प्रवृत्ती हा एक मनोविकार आहे असे प्रतिपादन केले होते आणि त्यावर फटक्यांचा उपाय सुचविला होता! गुलामगिरी कायद्याने संपली. पण कृष्णवर्णीयाच्या दुःखाकडे दुःख म्हणून न पाहण्याची ही खोड शास्त्राच्या अंगातून लवकर गेली नाही.

अशा परिस्थितीत जर्मनीत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी हार्लेममध्ये दवाखाना काढण्याचे मनावर घेतले. धनिक संस्थांकडून साहाय्य मिळेना. तेव्हा कादंबरीकार रिचर्ड राइट त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि सेंट फिलिप्स चर्चचे धर्मगुरू शेल्टन हेल बिशप यांनी चर्चच्या वास्तूतील तळघर देऊ केले. मार्च १९४६ मध्ये तेथे ‘लाफार्ग क्लिनिक’ सुरू झाले. क्यूबात जन्मलेले मिश्रवंशीय डॉक्टर आणि कार्ल मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांचे नाव त्याला दिले होते. आठवड्यातून दोन दिवस, सायंकाळी, गोरे आणि काळे डॉक्टर शेजारी बसून विनावेतन रुग्ण तपासीत. शुल्क पंचवीस सेंट. तेही ज्याच्यापाशी नसेल त्याला माफ.

परंतु वर्थम यांना लवकरच एक प्रश्न भेडसावू लागला. ज्या समाजव्यवस्थेने मन आजारी पाडले, तिच्यातच रुग्णाला परत धाडावयाचे असेल, तर उपचाराला अर्थ कोणता? त्याचे उत्तर त्यांनी न्यायालयात दिले. डेलावेअर राज्यात काळ्या मुलांना वेगळ्या शाळांत बसवीत. तेथील काळी व गोरी मुले या तळघरात आणून तपासण्यात आली. १९५१ साली वर्थम यांनी साक्ष दिली, की शाळेची इमारत कितीही चांगली असो, वेगळे बसविणे हीच मुलांच्या मनाला इजा आहे. न्यायाधीश कॉलिन्स सायट्झ यांनी १९५२ साली ही हानी मान्य केली. जुन्या निवाड्याने हात बांधलेले असल्यामुळे पृथक्करणाचे तत्त्व त्यांना रद्द करता आले नाही. परंतु काळ्या मुलांच्या शाळा निकृष्ट असल्याच्या आधारावर त्यांनी त्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घेण्याचा आदेश दिला. हाच दावा पुढे इतर दाव्यांसह सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १७ मे १९५४ रोजी शाळांतील पृथक्करण घटनाबाह्य ठरले.

दवाखान्याला मात्र स्थिर अर्थसाहाय्य कधीच लाभले नाही. १९५० नंतरच्या त्या दशकाच्या अखेरीस तो बंद पडला. हजारो माणसांना आसरा देणारे ते दार केवळ काही व्यक्तींच्या सद्भावनेवर उघडे राहिले होते. उपेक्षितांच्या मनःस्वास्थ्याची जबाबदारी शासनाने आपली मानली नाही, तर चांगल्यात चांगल्या उपक्रमाचेही आयुष्य किती, हे त्या बंद दारावरून कळते.