यमपट्टिक ते पिंगुळी : चित्राने दुःख हलके होते का?

सातव्या शतकाच्या आरंभीचा प्रसंग. स्थाण्वीश्वराचा राजा प्रभाकरवर्धन मरणशय्येवर आहे आणि त्याचा धाकटा मुलगा हर्ष घोडा फेकत राजधानीकडे निघाला आहे. नगरात शिरताच बाजारपेठेत त्याला मुलांचा घोळका दिसतो. मधोमध एक माणूस उभा आहे. डाव्या हातात काठ्यांवर ताणलेला चित्रपट, त्यावर भीषण रेड्यावर बसलेला यम. उजव्या हातातल्या काडीने तो परलोकाचा एकेक देखावा दाखवतो आहे. बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त त्याला ‘यमपट्टिक’ म्हटले आहे. युगायुगांत हजारो आईबाप होऊन गेले, त्यांतले तुझे कोण, अशा अर्थाचे त्याचे बोल त्या मुलाच्या कानांवर पडतात, ज्याचा बाप काही काळातच जाणार आहे.

मृत्यू चित्रात काढून, काडीने दाखवून, चारचौघांत त्याविषयी बोलणारा माणूस भारतीय बाजारात तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी उभा होता, हे या उल्लेखाचे मोल.

त्याच घराण्यातली एक परंपरा आजही सिंधुदुर्गात जिवंत आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या ‘चित्रकथका’चा निर्देश येतो. मालवणच्या किनाऱ्यापासून थोडे आत, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात, ठाकर समाजाने ही चित्रकथी सांभाळली. तिला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता.

प्रयोगाची मांडणी साधी. एका आख्यानाची सुटी चित्रे म्हणजे एक ‘पोथी’. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटले की कथा पुढे सरकते. सूत्रधार मांडी घालून बसतो, चित्र समोर उभे धरतो आणि वीणा, हुडुक, टाळ यांच्या साथीने रामायण-महाभारतातले प्रसंग गाऊन सांगतो. चित्रांतल्या आकृती बहुधा एका बाजूने दिसणाऱ्या, डोळे टपोरे, रेषा ठसठशीत. देवळातल्या मिणमिणत्या उजेडात मागे बसलेल्यालाही दिसले पाहिजे, हा हिशेब त्या रेषेत आहे. (मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत चौकटीत टांगलेल्या या चित्रांना आवाज नसतो. सूत्रधाराविना ती निम्मीच उरतात.)

येथवर आले की एक वाक्य ओठांवर येते: ‘आर्ट थेरपी आपल्याकडे पूर्वापार होतीच.’ हे वाक्य टाळ्या मिळवते, पण ते बरोबर नाही.

‘आर्ट थेरपी’ हा शब्दप्रयोग एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराचा. पहिल्या महायुद्धात त्याने रणभूमीवर चित्रे काढली होती. १९३८ मध्ये क्षयाने त्याला इंग्लंडमधल्या एका सॅनेटोरियममध्ये आणून झोपवले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. त्याआधी क्षयावर उपचार म्हणजे हवा, आहार आणि महिनोन्महिने निजून राहणे. हिल पडल्यापडल्या भोवतालच्या वस्तू रेखाटू लागला. मन तगून राहते असा त्याला अनुभव आला आणि त्याने इतर रुग्णांच्या, पुढे जखमी सैनिकांच्याही हाती पेन्सिल दिली. १९४२ मध्ये त्याने या कामाला हे नाव दिले. १९४६ पासून एडवर्ड अ‍ॅडमसन याने नेदर्न येथील मनोरुग्णालयात रुग्णांसाठी चित्रशाळा चालवली.

भारतात याच्या आधीच एक पाऊल पडले होते. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयात ओवेन बर्कले-हिल याने १९२२ मध्ये रुग्णांसाठी व्यवसायोपचार सुरू केला. कोकणात मात्र ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणजे रत्नागिरी. तिथली संस्था १८८६ ची. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याचाच तालुका. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. ‘रत्नागिरीला पाठवले’ या शब्दांना एकेकाळी कोकणात जो अर्थ चिकटला, तो अजून पुरता सुटलेला नाही.

मग चित्रकथी आणि हिलची पेन्सिल यांत फरक कोणता? हिलच्या खोलीत चित्र काढतो तो स्वतः रुग्ण. पिंगुळीत चित्र काढणारा एक, गाणारा कदाचित दुसरा, आणि ज्याच्या मनावर भार आहे तो फक्त पाहतो. तिथे निदान नाही, प्रशिक्षित उपचारक नाही, सुधारणेची नोंद नाही. चित्रकथीला उपचार म्हणणे हा उपचारावरही अन्याय आहे आणि चित्रकथीवरही. कारण ती मुळात देवापुढची सेवा आणि समाजाची उपजीविका होती.

तरीही दोहोंत एक गोष्ट समान आहे. जे आत गोळा होऊन बसले आहे, ते डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर येते. स्वतःच्या दुःखाकडे रोखून पाहता येत नाही. वनात सोडलेल्या सीतेकडे पाहता येते, तिच्यासाठी रडताही येते, आणि त्या रडण्याचा जाब कोणी विचारत नाही. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’च्या पहिल्याच अध्यायात, दुःखाने, श्रमाने, शोकाने पीडलेल्यांना नाट्य विश्रांती देईल, असे म्हटले आहे. शब्द ‘विश्रांती’ आहे, ‘रोगमुक्ती’ नव्हे. ही नेमकी शब्दयोजना आजच्या अनेक जाहिरातींहून प्रामाणिक आहे.

कोकणाला ही विश्रांती लागत होती, हे समजायला भूगोल पुरेसा आहे. किनाऱ्यावरची घरे दर्यावर गेलेल्यांची वाट पाहणारी. आतल्या गावांतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत. गिरणी कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा त्याची झळ परळ-लालबागइतकीच इथल्या चुलींना बसली. जत्रेतला दशावतार आणि देवळातली चित्रकथी ही अशा गावांची रात्र होती.

आधुनिक संशोधनही आता थोडे बोलू लागले आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटे चित्र-शिल्पाचे काम दिले. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालेले आढळले. आधी चित्रे काढण्याचा अनुभव असो वा नसो, त्याने फारसा फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेवढ्यावरून इमारत उभारू नये. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने मात्र तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांचा संबंध गांभीर्याने नोंदवला.

या सगळ्यात ज्यांनी इतरांच्या रात्री हलक्या केल्या, त्या ठाकरांचे काय झाले? संस्थान विलीन झाले, राजाश्रय गेला, मग चित्रपट आणि दूरदर्शन आले. पोथ्या घरांत पडून राहिल्या. कितीतरी चित्रे संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत गेली. ‘पैठण शैली’ या नावाने जी चित्रे ओळखली जातात, त्यांचे पिंगुळीच्या चित्रांशी असलेले नाते अभ्यासकांना पुन्हा जुळवावे लागले.

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले: ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. तिथे पोथ्या आहेत, कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत. २०२१ साली गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली.