भावंडांच्या नावांचा धागा

पहिल्या मुलीचं नाव मेव्ह ठेवलं, आता दुसऱ्या बाळाचं काय ठेवायचं? आयर्लंडमध्ये स्थिरावलेल्या मराठी आईबापांना हा प्रश्न अगदी आजचा वाटेल. पण भावंडांची नावं एकमेकांना शोभतील अशी ठेवण्याची रीत आपल्याकडे शतकानुशतकं चालत आली आहे. तिचा माग काढायचा तर सुरुवात नगर जिल्ह्यातूनच करावी.

शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ती सांगणाऱ्या ज्ञानदेवांच्या घरातली नावं क्रमानं म्हणून पाहा: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आधी विरक्ती, मग ज्ञान, मग जिना आणि शेवटी मुक्ती. चौघांच्या नावांत यमक नाही, प्रास नाही. त्यांना बांधतो तो अर्थ. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांच्या घरात परमार्थाची अख्खी वाट मुलांच्या नावांत उतरली.

पुढचा टप्पा खुद्द नगर शहराचा. निजामशाहीच्या चाकरीत असलेल्या मालोजी भोसल्यांना मूल होत नव्हतं. नगरचे पीर शाह शरीफ यांना नवस बोलला गेला आणि दोन मुलगे झाले. थोरल्याचं नाव शहाजी, धाकट्याचं शरीफजी. परमानंदांच्या ‘शिवभारता’त ही हकीकत आली आहे. पिराच्या एकाच नावाचे दोन भाग करून दोन भावांना दिले आणि दोघांच्याही पुढे आपला ‘जी’ जोडला. परक्या भाषेतलं, दुसऱ्या धर्मातल्या सत्पुरुषाचं नाव घरात घेताना त्या कुटुंबाला संकोच वाटला नाही, कारण जोडणारा धागा कृतज्ञतेचा होता. 1624 मध्ये नगरजवळ भातवडीच्या लढाईत शरीफजी कामी आले. शहाजीराजे पुढे शिवछत्रपतींचे वडील झाले.

तिसरा धागा देवघरातला. संध्येच्या आरंभी केशव, नारायण, माधव अशी विष्णूची चोवीस नावं म्हणतात. ती रोज कानांवर पडत, त्यामुळे बारशाला नाव शोधायला लांब जावं लागत नसे. नगरचेच स्वातंत्र्यसैनिक रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन हे सख्खे भाऊ. रावसाहेबांचं मूळ नाव पुरुषोत्तम, वडिलांचं हरी, आजोबांचं केशव. तीन पिढ्यांची ही चारही नावं त्या चोवीसांतलीच! चिंचवडच्या चापेकर बंधूंचंही तसंच: दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव, एकाच कृष्णाची तीन नावं.

नादाची जुळणी ठळक झाली ती विसाव्या शतकात. मंगेशकरांच्या घरात 1933 मध्ये आशा आणि 1935 मध्ये उषा जन्मल्या. दोन अक्षरं, शेवटी ‘आ’, मध्ये ऊष्म व्यंजन. थोरलीचं जन्मनाव हेमा. वडिलांच्या नाटक मंडळीच्या ‘भावबंधन’मधल्या लतिकेवरून ती लता झाली. लता, मीना, आशा, उषा अशी हाक मारताना जिभेला ठेका मिळतो. पुढे घरोघरी सारख्या आद्याक्षराची आणि यमकाची नावं आली. आज बहुतेक जण पहिल्यांदा हेच पाहतात.

म्हणजे यमक हा या घराण्यातला धाकटा वारस. थोरले दोघे, अर्थ आणि कृतज्ञता, अजून कामाचे आहेत. मेव्ह ही आयरिश दंतकथांतली कॉनॉक्टची लढवय्यी राणी. तिच्या धाकट्या बहिणीसाठी मेव्हशी यमक साधणारं मराठी नाव शोधत बसलात, तर हाती फारसं लागणार नाही. त्यापेक्षा अर्थाकडे वळा. राजाराम महाराजांच्या मागे 1700 ते 1707 अशी सात वर्षं औरंगजेबाशी झुंज देणाऱ्या महाराणी ताराबाई आपल्या आहेत. आणि मीथ परगण्यातली तारा ही टेकडी आयर्लंडच्या प्राचीन राजांची गादी मानली जाते, त्यामुळे मुलींना तारा हे नाव तिथेही देतात. मेव्ह आणि तारा, दोन राण्यांची नावं एका घरात सुखानं नांदतील.

मुलगा झाला, तर ज्या माणसानं परदेशात तुम्हाला पहिला आधार दिला, त्याचं नाव आठवा. मालोजींनी तेच केलं होतं. नाव जुळतं की नाही, हे कानांनी जरूर तपासा. पण ते का ठेवलं, हे मोठेपणी मुलांना सांगता येईल असंच नाव निवडा.