यशवंती काय खायची?

ही आपली शनिवार पेठेतली छोटीशी खोली. बाहेर रिक्षावाले हॉर्न वाजवतायत, तेवढं सांभाळून घ्या.

सिंहगडाच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. त्याच्या मावसभावाने नदीकाठून घोरपडीचं पिल्लू उचलून आणलंय, खोक्यात ठेवलंय. प्रश्न एवढाच, की त्याला खायला काय घालायचं? आणि शेवटी लिहिलं होतं, "तानाजींनी पाळली होती, मग आपण का नाही?"

मला हसू आलं, कारण लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मीही हेच केलंय. मातीचे मावळे, गव्हाचे हिरवे कोंब आणि कड्यावर सुतळी बांधलेली प्लास्टिकची पाल. पेठेतल्या निम्म्या किल्ल्यांवर ती असायचीच. तिला आम्ही यशवंती म्हणायचो. पण ती यशवंती खरी असती, तर मालुसऱ्यांच्या घरी तिला काय वाढत असतील, हे कधी मनातच आलं नाही. आज तिथूनच सुरुवात करू.

आधी कागद काय म्हणतात ते बघू. सिंहगड, म्हणजे तेव्हाचा कोंढाणा, 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री घेतला. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर 1697 मध्ये जिंजीला लिहिली, म्हणजे घटनेनंतर 27 वर्षांनी. त्याच्या बखरीत दोन चांगले मर्द मावळे निवडून पुढे पाठवलेत, ते वानरांसारखे कडा चढून गेलेत आणि त्यांनी वरून माळ लावल्यावर तानाजी तीनशे माणसांनिशी वर पोचलाय. घोरपड? कुठेही नाही. ती येते पोवाड्यात. तुळशीदास शाहिराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोवाड्यात तिला शेंदूर लावतात, दागिने घालतात, ती मधूनच माघारी फिरते आणि तानाजी तिला मारून खायची धमकी देतो. (पाळीव प्राण्याशी वागायची ही पद्धत म्हणाल तर जरा कडकच!)

आता घोरपडीच्या बाजूने विचार करा. आपल्याकडची ही घोरपड दिवसा हिंडते. तिच्या अंगात आपल्यासारखी आतून तयार होणारी ऊब नसते. सकाळी ती उन्हात पसरते, अंग तापलं की मगच धावते, शिकार करते, पचवते. ऊन गेलं की बिळात, झाडाच्या ढोलीत, नाहीतर दगडाच्या फटीत. कोंढाणा सुमारे 1300 मीटर उंचीवर. माघातली रात्र, कड्यावर वारा. अशा वेळी तिला पेटीतून काढलीत, तर ती कडा चढणार नाही, गपगार पडून राहील.

मग तिच्या पकडीची एवढी ख्याती का? कारण त्यात थोडं तथ्य आहे. घोरपड फटीत शिरली की नख्या रोवते आणि अंग फुगवून अशी घट्ट बसते, की शेपटी धरून ओढली तरी सुटत नाही. ज्याने कुणी तशी ओढून पाहिली असेल, त्याला पुढची गोष्ट सुचणं साहजिक आहे. पण फटीत रुतून बसणं वेगळं आणि उघड्या कड्यावर माणसाचा भार पेलणं वेगळं. मोठी घोरपड पाच-सात किलोची. दोराला लटकणारा मावळा साठ-सत्तरचा.

काही जण म्हणतात, यशवंती हे दोरशिडीचंच नाव असेल. असेलही. घोरपडे घराण्याची परंपराही अशीच: मूळचे भोसले, पूर्वजाने बहमनी काळात घोरपडीच्या मदतीने किल्ला चढला म्हणून हे आडनाव. म्हणजे किल्ला आणि घोरपड ही जोडी तानाजींच्या आधीपासून लोकांच्या तोंडी असावी. सेनापती संताजी घोरपडे त्याच कुळातले आणि आपली घोरपडे पेठही त्याच नावाची. मला विचाराल तर शाहिराने ही तयार गोष्ट उचलली आणि कोंढाण्याला जोडली. पुरावा मागू नका, हा माझा अंदाज आहे.

पुण्याला प्राणी पाळायची हौस मात्र जुनीच. शनिवारवाड्यात सवाई माधवराव होते तेव्हा पेशव्यांचा शिकारखाना होता. त्यातल्या गेंड्याचं गंगाराम तांबट यांनी 1790 मध्ये काढलेलं चित्र आजही अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गेंडा सांभाळायला पेशवाईचा खजिना होता. घोरपड सांभाळायला काय लागतं?

परदेशात काही ठिकाणी आफ्रिकेतल्या घोरपडी कायद्याने पाळता येतात. तिथले जाणकार एका प्राण्याला साधारण आठ फूट लांब, चार फूट रुंद पेटी देतात. म्हणजे पेठेतल्या भाड्याच्या खोलीचा एक कोपरा गेलाच. त्यात बीळ खणण्यापुरती दीड-दोन फूट माती. एका टोकाला दिव्याखाली तापलेला दगड, ज्याचा पृष्ठभाग 50 अंशांच्या वर, आणि दुसऱ्या टोकाला गारवा, म्हणजे तिला हवं तिथे सरकता येतं. खायला मुख्यतः किडे, झुरळं, गोगलगायी. अंडी आणि उंदीर अधूनमधून. नुसते उंदीर आणि अंडी घातली, फिरायला जागा दिली नाही, तर ती लठ्ठ होते, यकृतावर चरबी चढते आणि आयुष्य कमी होतं. जंगलात ती दिवसभर हुंगत, खणत हिंडते, तोच तिचा व्यायाम. खोक्यातल्या पिल्लाला यातलं काय मिळणार?

आणि आपल्याकडे तर प्रश्नच मिटतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. एवढा कडक कायदा का, तर त्या पकडीच्या कीर्तीनेच तिचा घात केलाय. जी कडा धरते ती माणसाच्या अंगात बळ आणेल, म्हणून तिचं मांस खातात. सांधे दुखतात, म्हणून तिचं तेल विकतात. गोव्यात घुमटाला तिचंच कातडं लावायचे, आता बकऱ्याचं लावतात. आणि 'हथाजोडी' ऐकलंय? पूजेची दुर्मिळ मुळी म्हणून ऑनलाइन विकली जायची. 2017 मध्ये जाहीर झालं, की ती मुळी नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. लोक ते तिजोरीत ठेवून नमस्कार करत होते!

त्या श्रोत्याला मी लगेच उत्तर दिलं: काहीही खायला घालू नका, दूध तर नाहीच. खोक्याला भोकं पाडा, सावलीत शांत जागी ठेवा, हाताळू नका आणि वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा.

संध्याकाळी मेसेज आला. माणसं येऊन पिल्लू घेऊन गेली. मावसभाऊ जरा रुसलाय. त्याने नाव आधीच ठेवलं होतं. कोणतं, ते तुम्ही ओळखलं असेलच.