काळ्या चित्रांपुढे आपण का थांबतो?

आजचा एपिसोड मोठ्यांच्या कॉमिक्सवर. म्हणजे ज्यात रक्त आहे, छळ आहे आणि शेवट गोड होईल याची गॅरंटी नाही, अशा ग्राफिक नॉव्हेल्सवर. 'असलं काळंकुट्ट वाचून मिळतं काय?' असं घरातले विचारतातच.

थोडं मागे जाऊ. कॉमिक्समुळे पोरं बिघडतात, अशी अमेरिकेत ओरड झाली आणि १९५४ साली तिथल्या प्रकाशकांनी स्वतःवरच नियमावली लादून घेतली. नियम इतके कडक, की कॉमिकच्या नावात 'हॉरर' शब्दही चालेना. कॉमिक्स म्हणजे पोरांचा खाऊ, हा समज त्यातून पक्का झाला. तो मोडणाऱ्यांत आर्ट स्पीगलमनचं 'माऊस' मोठं. ज्यूंना उंदीर आणि नाझींना मांजर दाखवून त्यानं आपल्या वडिलांची छळछावणीची कहाणी सांगितली. १९९२ मध्ये त्याला विशेष पुलित्झर मिळालं.

आपल्याकडे चित्रांतली गोष्ट नुसती पोरांची कधी नव्हतीच. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक चित्र दाखवत रामायण-महाभारत सांगत आले. युद्ध, वध, राक्षस, सगळं त्यात. ऐकायला लहानथोर सगळे.

२०११ मध्ये 'भीमायन' आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलाकारांनी बाबासाहेबांनी सोसलेली अस्पृश्यता त्यात रेखाटली. विखारी बोलणाऱ्यांच्या संवादाला त्यांनी विंचवाची नांगी दिली. शब्दांचा डंख असा डोळ्यांना दिसतो.

मला वाटतं, खरी ओढ इथे आहे. व्हिडिओ आपल्याला पुढे ढकलत नेतो. पानावरचं चित्र हलत नाही. दोन चौकटींच्या मधे काय घडलं, ते आपल्यालाच मनात भरावं लागतं. मग 'मी फक्त बघत होतो' असं म्हणता येत नाही.

आता आपलं सोलापूर. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून आपण रोज गाडी काढतो. हार पडतो, फोटो निघतो, विषय संपतो. हीच गोष्ट चौकटींत आली, तर फाशीच्या आदल्या रात्रीचं पान उलटताना हात अडखळेल. शहराला आपली माणसं आठवायला तेवढं अडखळणं लागतं.

चित्रं काढणारं कोणी ऐकत असेल, तर बघा बुवा!