झाडाला दुसरा जन्म देणारा सुतार

लाकडाच्या फळीला तडा गेला असेल, गाठ असेल किंवा किडीने पोखरल्याची खूण असेल, तर ती फळी सहसा दर्शनी फर्निचरला वापरली जात नाही. ती कापून टाकली जाते, लुकण भरून झाकली जाते किंवा मागच्या बाजूला दडवली जाते. विसाव्या शतकातील एका विख्यात फर्निचर डिझायनरने मात्र नेमक्या अशाच फळ्या वेचून घेतल्या आणि त्यांतील तडा टेबलाच्या मधोमध, सर्वांना दिसेल असा ठेवला. जॉर्ज नाकाशिमा हे त्यांचे नाव. जपानी वंशाचे हे अमेरिकन कलावंत शिक्षणाने वास्तुविशारद होते. पण स्वतःची ओळख लाकूडकाम करणारा कारागीर अशी करून देणे त्यांना अधिक आवडे. त्यांच्या विचारांची जडणघडण ज्या भूमीत झाली, तिच्यात भारताचाही मोठा वाटा आहे. पाँडिचेरीच्या आश्रमात त्यांना 'सुंदरानंद' हे नाव मिळाले होते.

जंगलापासून जगप्रवासापर्यंत

नाकाशिमा यांचा जन्म २४ मे १९०५ रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन या गावी झाला. आईवडील जपानहून येऊन स्थायिक झालेले. बालपणी त्या प्रदेशातील घनदाट जंगलांतून आणि डोंगरांतून त्यांनी भरपूर पायपीट केली. झाडांविषयीचे त्यांचे प्रेम पुस्तकांतून आलेले नव्हते, ते या भटकंतीतून आले होते. वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी आधी वनशास्त्राची वाट धरली, पण पुढे वास्तुकलेकडे वळून १९२९मध्ये पदवी मिळवली. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले.

जागतिक मंदीच्या काळात त्यांनी आपली मोटार विकली आणि जगप्रवासाचे जहाजाचे तिकीट काढले. काही काळ पॅरिसमध्ये घालवून ते जपानला पोहोचले. टोकियोत अँटोनिन रेमंड या चेक वंशाच्या अमेरिकन वास्तुविशारदाच्या कार्यालयात त्यांना काम मिळाले. रेमंड हे आधुनिक काँक्रीट बांधकामाचे पुरस्कर्ते होते, तितकेच जपानी पारंपरिक लाकूडकामाचे चाहतेही होते. पूर्वजांच्या देशातील मंदिरे, चहागृहे आणि साधी घरे नाकाशिमा यांनी येथे जवळून पाहिली. खिळ्यावाचून केवळ कूस आणि खाच यांच्या आधारे शतकानुशतके उभ्या राहिलेल्या इमारतींनी त्यांच्या मनावर कायमचा ठसा उमटवला.

पाँडिचेरीतील धडा

श्रीअरविंद आश्रमातील साधकांसाठी 'गोलकोंड' नावाचे निवासस्थान उभारण्याचे काम रेमंड यांच्या कार्यालयाकडे आले. या कामावर देखरेख ठेवण्यासाठी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात नाकाशिमा पाँडिचेरीत दाखल झाले. हैदराबादचे तत्कालीन दिवाण सर अकबर हैदरी यांच्या प्रयत्नांतून या इमारतीसाठी देणगी मिळाली आणि त्या ऋणाची आठवण म्हणून तिला गोवळकोंड्याचे नाव देण्यात आले. भारतातील आरंभीच्या आधुनिक काँक्रीट इमारतींमध्ये गोलकोंडची गणना होते. तिला काचेच्या खिडक्या नाहीत. दक्षिणोत्तर दर्शनी बाजू फिरवता येणाऱ्या आडव्या झडपांनी व्यापलेल्या आहेत. ऊन अडते, वारा मात्र खेळता राहतो. आतील सरकते दरवाजे आणि खोल्यांतील साधे फर्निचर सागवानाचे आहे. नाकाशिमा यांच्या हातून घडलेल्या अगदी आरंभीच्या फर्निचरमध्ये त्याचा समावेश होतो.

ही इमारत बांधणारे मजूर व्यावसायिक नव्हते. बरेचसे काम स्वतः साधकांनीच केले. घाई नव्हती, नफ्याचा हिशेब नव्हता. काम चुकले तर ते पुन्हा करण्याची मुभा होती. थोड्याच काळात नाकाशिमा यांनी पगार घेणे सोडले आणि ते आश्रमाचे सदस्य झाले. 'सुंदरानंद', म्हणजे सौंदर्यात आनंद मानणारा, हे नाव त्यांना येथेच मिळाले. हाताने केलेले काम हीच साधना असू शकते, हा विचार त्यांनी येथून उचलला आणि तो पुढे पन्नास वर्षे सोडला नाही. उत्तरायुष्यात ते कॅथलिक पंथाचे अनुयायी झाले आणि प्रार्थनामंदिरांचे आराखडेही त्यांनी तयार केले. पण पाँडिचेरीच्या संस्कारांशी याचा त्यांना कधी विरोध वाटला नाही. जपानी परंपरा, भारतीय साधना आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा मेळ त्यांनी कामातूनच घातला.

काटेरी कुंपणामागची कार्यशाळा

भारतातून जपानमार्गे नाकाशिमा अमेरिकेत परतले. तेथे गाजत असलेल्या आधुनिक इमारतींची बांधकामे पाहून त्यांची निराशा झाली. कागदावरचा आराखडा एकाचा, बांधणारे हात दुसऱ्याचे, आणि दोहोंमध्ये मेळ नाही, हे त्यांना खटकले. ज्या कामावर पहिल्या रेषेपासून अखेरच्या हातापर्यंत आपला ताबा राहील असेच काम करायचे, असे त्यांनी ठरवले. असे काम म्हणजे फर्निचर. सिएटलमधील एका मिशनरी संस्थेच्या तळघरात त्यांनी पहिली कार्यशाळा थाटली. भाड्याच्या बदल्यात तेथील मुलांना सुतारकाम शिकवायचे, असा व्यवहार ठरला. १९४१मध्ये मॅरियन ओकाजिमा यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

हा संसार आणि हा व्यवसाय उभा राहण्याच्या आतच युद्धाने तो मोडला. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, १९४२मध्ये, अमेरिकी सरकारने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबले. त्यांतील बहुसंख्य लोक अमेरिकेचेच नागरिक होते. नाकाशिमा दांपत्याची आणि त्यांच्या तान्ह्या मुलीची रवानगी आयडाहो राज्यातील मिनिडोका छावणीत झाली. भोवती माळरान, डोक्यावर कच्च्या बराकीचे छप्पर, हिवाळ्यात कडाक्याची थंडी.

याच छावणीत त्यांना गेंतारो हिकोगावा हे जपानी परंपरेत तयार झालेले सुतार भेटले. विद्यापीठाच्या पदव्या मिळवलेला वास्तुविशारद त्यांचा शिकाऊ मदतनीस बनला. रंधा आणि करवत कशी ओढावी, हत्यारांना धार कशी लावावी, सांधा किती घट्ट बसवावा, हे तो हिकोगावा यांच्याकडून शिकला. चांगले लाकूड मिळण्याचा प्रश्नच नव्हता. बांधकामातील उरलेले तुकडे आणि माळावरच्या झुडपांची वेडीवाकडी खोडे एवढेच हाती होते. त्यातूनच बराकीतील खोली राहण्याजोगी करायची होती. टाकाऊ आणि वाकड्या लाकडाकडे पाहण्याची जी नजर पुढे नाकाशिमा यांची ओळख ठरली, तिला या सक्तीच्या टंचाईने धार आली. अन्यायाचे समर्थन यातून होत नाही. अमेरिकी सरकारलाही १९८८मध्ये कायदा करून या कृत्याबद्दल माफी मागावी लागली. मात्र या अन्यायाचे उत्तर नाकाशिमा यांनी आपल्या कामातून दिले.

१९४३मध्ये रेमंड यांनी पुढाकार घेऊन त्यांची छावणीतून सुटका केली आणि पेनसिल्व्हेनियातील न्यू होप येथील आपल्या शेतावर त्यांना आश्रय दिला. पुढे त्याच परिसरात नाकाशिमा यांनी श्रमाच्या मोबदल्यात तीन एकर जमीन मिळवली. आधी कार्यशाळा बांधली, मग घर. हीच जागा अखेरपर्यंत त्यांची कर्मभूमी राहिली.

झाडाचे ऐकणारा आराखडा

नाकाशिमा यांच्या विचाराचा गाभा साधा आहे. झाड शंभर-दोनशे वर्षे उभे राहते, ऊनपाऊस सोसते, वाकते, जखमी होते, सावरते. त्या साऱ्याची नोंद त्याच्या रेषांत असते. ते पडले म्हणजे संपले असे नव्हे. कारागिराच्या हातून त्याला दुसरा जन्म मिळू शकतो, आणि हा जन्म पहिल्या जन्माला साजेसा असला पाहिजे, ही कारागिराची जबाबदारी. १९८१मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द सोल ऑफ अ ट्री' या पुस्तकात त्यांनी ही भूमिका विस्ताराने मांडली.

या भूमिकेतून त्यांची कामाची पद्धत ठरली. आधी आराखडा आणि मग त्याला साजेसे लाकूड, हा नेहमीचा क्रम त्यांनी उलटा केला. ओंडका कसा चिरायचा हे ठरवण्यासाठी ते स्वतः वखारीत उभे राहत. कारण करवतीची एक चुकीची चीर शतकभराची वाढ वाया घालवू शकते. चिरलेल्या फळ्या मूळ क्रमाने रचून ठेवल्या जात आणि त्या सावकाश वाळवल्या जात. लाकूड हवेवर वाळवायचे तर एक इंच जाडीमागे साधारण एक वर्ष, असा सुतारांचा ठोकताळा आहे. काही फळ्या त्यांच्या कोठारात वर्षानुवर्षे पडून असत. ग्राहक आला की त्याच्यासोबत फळ्या पाहायच्या, त्याचे घर आणि गरज समजून घ्यायची आणि मगच टेबलाला आकार द्यायचा. आरंभीच्या काळात ते फर्निचरवर स्वतःची सही करीत नसत. खालच्या बाजूस नाव लिहिलेले असे ते ग्राहकाचे.

त्यांच्या फर्निचरच्या तीन खुणा जगभर ओळखल्या जातात. पहिली खूण म्हणजे मोकळी कड. सालीखालची नैसर्गिक वळणे सरळ न कापता ती टेबलाची कड म्हणून तशीच ठेवली जातात. दुसरी खूण म्हणजे फुलपाखराच्या पंखांच्या आकाराची लाकडी पाचर. फळीतील तडा पुढे वाढू नये म्हणून ती दोन्ही बाजूंना धरून बसवली जाते. हा सांधा पुरातन आहे. नाकाशिमा यांनी तो लपवला नाही, उलट वेगळ्या रंगाच्या लाकडात उठून दिसू दिला. तिसरी खूण म्हणजे एकाच ओंडक्यातील लागोपाठच्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून शेजारी जोडणे. त्यामुळे रेषांची नक्षी आरशातील प्रतिबिंबासारखी दिसते. अक्रोडाचे लाकूड त्यांचे विशेष आवडते होते.

केवळ निसर्गाच्या भरवशावर मात्र त्यांनी काम केले नाही. 'कोनॉइड' या नावाने प्रसिद्ध असलेली त्यांची खुर्ची फक्त दोन पायांवर उभी आहे. पाय जमिनीवरच्या दोन आडव्या पट्ट्यांवर रोवलेले असतात आणि बैठक पुढे अधांतरी असते. ती कोसळेल अशी शंका टीकाकारांनी घेतली. ती कोसळली नाही. तिच्यामागे वास्तुविशारदाचे भारगणित होते. यंत्रांनाही त्यांचा विरोध नव्हता. जे काम यंत्र चांगले करते ते यंत्राने करावे, अखेरचा निर्णय आणि अखेरचा हात माणसाचा असावा, असे त्यांचे धोरण होते.

पुन्हा भारत

१९६४मध्ये नाकाशिमा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याच्या १९५८च्या अहवालानंतर, १९६१मध्ये स्थापन झालेली ही संस्था तेव्हा बाल्यावस्थेत होती. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांच्या नेतृत्वाखाली देशोदेशीचे कलावंत तेथे येत होते. नाकाशिमा यांनी संस्थेसाठी फर्निचरचे आराखडे केले आणि संस्थेच्या कार्यशाळेत भारतीय कारागिरांनी ते प्रत्यक्षात उतरवले. याच सुमारास जपानमधील ताकामात्सु येथील कारागिरांशीही त्यांचे नाते जुळले. ताकामात्सु येथे त्यांच्या नावाचे स्मारक संग्रहालय उभे आहे.

१९७०च्या दशकात नेल्सन रॉकफेलर यांच्या निवासस्थानासाठी त्यांनी दोनशेहून अधिक वस्तू घडवल्या आणि त्यांची कीर्ती सर्वदूर पसरली. त्यांच्या वस्तूंना लिलावात लाखो डॉलरची किंमत येऊ लागली. घरात रोज वापरण्यासाठी केलेली वस्तू गुंतवणुकीची चीज व्हावी, हा विरोधाभास त्यांच्या वारशाला चिकटला आहे. त्यांना स्वतःला वापराच्या खुणा प्रिय होत्या. टेबलावर ओरखडे पडावेत, डाग पडावेत, त्यातून त्याचे वय दिसावे, असे त्यांचे म्हणणे असे.

१९८९मध्ये न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथील एका कुटुंबाच्या घराला आग लागली आणि नाकाशिमा यांनी त्यांच्यासाठी घडवलेल्या शंभराहून अधिक वस्तू भस्मसात झाल्या. तेव्हा ८४ वर्षांचे असलेल्या नाकाशिमा यांनी त्या पुन्हा घडवण्याचे काम हाती घेतले. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. मुलगी मीरा हिने ते पुढे नेले.

शांततेची वेदी

१९८४मध्ये त्यांच्या हाती काळ्या अक्रोडाचा एक प्रचंड ओंडका लागला. त्यातून एक कल्पना आकाराला आली: जगातील प्रत्येक खंडात शांततेसाठी एक वेदी असावी आणि माणसांनी तिच्याभोवती एकत्र यावे. पहिली वेदी १९८६च्या अखेरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये स्थापन झाली. १५ जून १९९० रोजी नाकाशिमा यांचे निधन झाले; पण काम थांबले नाही. १९९६मध्ये एक वेदी पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये आली आणि २००१मध्ये एक मॉस्कोला गेली. ज्या मातीत 'सुंदरानंद' हे नाव मिळाले, तिच्या शेजारीच त्यांच्या कल्पनेतील ही वेदी विसावली.

या वेदींच्या पृष्ठभागावरही तडे आहेत. ते बुजवलेले नाहीत. फुलपाखराच्या आकाराच्या पाचरांनी ते दोन्ही बाजूंना धरून ठेवले आहेत.

ठळक टप्पे

१९०५ : स्पोकेन, अमेरिका येथे जन्म
१९२९ : वॉशिंग्टन विद्यापीठाची वास्तुकलेची पदवी
१९३०चे दशक : टोकियोत रेमंड यांच्याकडे काम, पाँडिचेरीत गोलकोंडची उभारणी
१९४२ : मिनिडोका छावणीत स्थानबद्धता
१९४३ : सुटका, न्यू होप येथे वास्तव्य
१९६४ : राष्ट्रीय डिझाइन संस्था, अहमदाबाद येथे काम
१९८१ : 'द सोल ऑफ अ ट्री' प्रकाशित
१९८६ : न्यूयॉर्क येथे पहिली शांतता वेदी
१९९० : निधन
२०१४ : न्यू होप येथील घर व कार्यशाळेला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा