जुन्या गाडीला पुन्हा झळाळी

उन्हाने विटलेला रंग परत आणता येतो; मात्र त्याआधी रंगाची जात ओळखणे आवश्यक

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढील काळात ती असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांची पहिली गाडी ठरली. तिचे उत्पादन २०१४मध्ये थांबले. तरीही अनेक सोसायट्यांच्या आवारात ती आजही उभी दिसते. इंजिन ठणठणीत असते. पण बॉनेट आणि टपावरचा लाल रंग पांढुरका, गुलाबीसर झालेला असतो. बोट फिरवले, की खडूसारखी भुकटी बोटाला लागते. अशा वेळी 'आता सगळी गाडी रंगवूनच घेऊ' असा निर्णय घाईने घेतला जातो. वास्तविक यातील अनेक गाड्यांचा मूळ रंग शाबूत असतो. तो निर्जीव झालेल्या थराखाली झाकला गेलेला असतो. कारखान्याच्या भट्टीत पक्का केलेला हा रंग एकदा खरवडून काढला, की पुन्हा मिळत नाही. म्हणूनच गॅरेज गाठण्यापूर्वी थोडी माहिती करून घेणे हिताचे.

रंग का विटतो?

गाडीच्या रंगात रंगद्रव्याचे सूक्ष्म कण आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन असे दोन मुख्य घटक असतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण रेझिनचे रासायनिक बंध तोडतात आणि हवेतील ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होते. यालाच 'ऑक्सिडेशन' म्हणतात. पृष्ठभाग खडबडीत होतो, रंगद्रव्याचे कण सुटे पडतात आणि प्रकाश सरळ परावर्तित होण्याऐवजी विखुरतो. परिणामी रंग फिका व निस्तेज दिसतो. ऊन थेट झेलणाऱ्या बॉनेट, टप आणि डिकीवर हा परिणाम सर्वाधिक, तर दारांवर त्या मानाने कमी असतो. लाल रंग प्रकाशातील अधिक ऊर्जेचा निळा-हिरवा भाग शोषून घेतो. शिवाय अनेक लाल रंगद्रव्ये उन्हात कमी टिकतात. त्यामुळे लाल गाडी लवकर म्हातारी दिसते. पांढऱ्या गाडीवरही भुकटी धरतेच. फक्त ती चटकन नजरेत येत नाही.

रंगाची जात ओळखा

जुन्या गाड्यांवरील साधे रंग बहुधा एकाच जातीच्या थरांचे असत. तोच थर रंग देई आणि तोच चमक. नंतरच्या गाड्यांवर, विशेषतः मेटॅलिक छटांमध्ये, रंगावर 'क्लिअर कोट' हा पारदर्शक थर असतो. फरक ओळखण्याची युक्ती सोपी आहे. सहज न दिसणाऱ्या जागी थोडे पॉलिश घेऊन पांढऱ्या फडक्याने घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर रंग एकथरी आहे. न लागल्यास क्लिअर कोट आहे. गाडी पांढरी असेल, तर काळे फडके वापरावे.

एकथरी रंग परत आणणे तुलनेने सोपे असते. क्लिअर कोट नुसता धूसर झाला असेल, तर तोही उजळतो. मात्र त्याचे पापुद्रे सुटू लागले असतील, तर कोणतेही पॉलिश उपयोगाचे नाही. तेवढा भाग नव्याने रंगवावाच लागतो.

मायक्रॉनचा हिशेब

कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या थरापर्यंत सर्व मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा रंग असतो. क्लिअर कोटचा वाटा त्यात ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. कंपाउंड लावणे म्हणजे या तुटपुंज्या शिलकीतून खर्च करणे होय. म्हणूनच सौम्य उपायाने सुरुवात करावी आणि गरज असेल तरच तीव्र उपायाकडे वळावे.

कृती अशी करा

गाडी सावलीत उभी करून पत्रा थंड होऊ द्यावा. कार शाम्पूने स्वच्छ धुवावी. डांबराचे डाग काढावेत. हाताला अजून खरखर जाणवत असेल, तर ओलसर पृष्ठभागावर क्ले बार हलक्या हाताने फिरवावा. रबर, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि पत्र्याच्या धारांवर मास्किंग टेप लावावी; धारेवर रंग सर्वांत पातळ असतो.

रंग फार कोरडा पडला असेल, तर घर्षणकण नसलेले तेलयुक्त पॉलिश लावून रात्रभर मुरू द्यावे. नंतर सुमारे दोन फूट लांब-रुंद चौकोनात कंपाउंड लावून स्पंजच्या पॅडने काम करावे. फडक्यावर रंग उतरताना दिसेल; निघतो तो मेलेला थर असतो. पॅड वारंवार साफ करावे. एका चौकोनाचा परिणाम पाहूनच पुढे जावे. नवख्या व्यक्तीने वेगाने एकाच दिशेत फिरणारे रोटरी मशिन हाती घेऊ नये. ते एका जागी रेंगाळले, तर रंग जळतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशिन अधिक सुरक्षित. शेवटी बारीक पॉलिशने कंपाउंडचे ओरखडे घालवावेत.

मेणाचे कवच हवेच

येथे थांबल्यास मेहनत वाया जाते, कारण उघडा पडलेला ताजा रंग पुन्हा विटू लागतो. कार्नोबा मेण किंवा कृत्रिम सीलंटचा पातळ थर द्यावा. आपल्याकडील ऊन-पावसात मेण दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावणे इष्ट.

हे टाळा

डिझेल किंवा रॉकेलच्या फडक्याने गाडी पुसण्याची पद्धत अजूनही दिसते. त्याने येणारी चमक क्षणिक असते. धूळ मात्र अधिक चिकटते आणि रबर खराब होते. भांड्यांच्या साबणाने मेणाचा थर निघून जातो. सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकल्यास बारीक चरे पडतात. पक्ष्यांची विष्ठा आणि बोअरवेलच्या पाण्याचे थेंब वाळू देऊ नयेत.

रंगवणे केव्हा अटळ?

पत्र्याला गंज लागला असेल, पापुद्रे निघत असतील किंवा खालचा प्रायमर दिसू लागला असेल, तर रंगकामाला पर्याय नाही. हार्डनर मिसळलेल्या रंगांत श्वसनास घातक आयसोसायनेट असतात. त्यामुळे घरच्या आवारात फवारणीचा प्रयोग करू नये. रंगाची छटा बदलायची असल्यास आधी आरटीओ कार्यालयात चौकशी करावी, कारण नोंदणी प्रमाणपत्रात रंगाचा उल्लेख असतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. नूतनीकरणाची वेळ आली, की 'ठेवावी की विकावी' हा प्रश्न घरोघरी पडतो. पांढुरके बॉनेट पाहून अनेकदा उत्तर आधीच ठरून जाते. त्यापूर्वी एक रविवार, एक फडके आणि थोडे पॉलिश खर्चून पाहायला काय हरकत आहे?