मरीआईचा गाडा आणि विहिरीचे पाणी

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील कवठे महांकाळ, जत, आटपाडी हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरी वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर इथे तो 500 मिलिमीटरच्या आसपास आला तरी वर्ष बरे गेले असे मानले जाते. कवठे महांकाळ तालुक्यातून वाहणारी अग्रणी नदी पूर्वी उन्हाळ्यात कोरडी पडत असे, विहिरी तळ गाठत आणि नदीच्या वाळूत झरे उकरून वाटी-वाटीने पाणी भरण्याची वेळ येत असे. अशा ठिकाणी माणसे, गुरे, धुणे आणि पिणे हे सारे एकाच पाणवठ्यावर येते, आणि वळवाचा किंवा मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की गावाची सारी घाण त्याच पाणवठ्यात वाहून जाते. या भागातील पोटाच्या साथींचा माग काढताना म्हणूनच रोगजंतूइतकेच पाण्याकडे पाहावे लागते.

या साथींमध्ये आमांश आणि विषमज्वरही होते, परंतु गावेच्या गावे ओस पाडणारा रोग म्हणजे पटकी, अर्थात कॉलरा. ‘व्हिब्रिओ कॉलरे’ हा स्वल्पविरामाच्या आकाराचा जीवाणू पाण्यावाटे लहान आतड्यात पोहोचतो आणि तेथे जे विष सोडतो त्यामुळे आतड्याच्या पेशी शरीरातील क्षार व पाणी बाहेर टाकू लागतात. जुलाब भाताच्या पेजेसारखे पांढुरके होतात, डोळे खोल जातात, पोटऱ्यांत गोळे येतात आणि उपचार न मिळाल्यास धडधाकट माणूस काही तासांत दगावतो.

बंगालमध्ये 1817 साली उसळलेली साथ दख्खनमध्ये आली ती युद्धाच्या धामधुमीत. पेंढारी आणि मराठे यांच्याविरुद्ध निघालेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत तिने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बुंदेलखंडात हाहाकार उडवला, आणि 1818च्या ऑगस्टपर्यंत ती मुंबईला पोहोचली होती. पेशवाई बुडाली त्याच वर्षी ही मरी दख्खनच्या गावांमध्ये शिरली, आणि पुढे शतकभर ती दुष्काळाच्या पाठोपाठ येत राहिली. 1876 ते 1878च्या मोठ्या दुष्काळात उपाशी माणसे दुष्काळी कामांवर गोळा झाली, तेव्हा उपासमारीने खंगलेल्या शरीरांना पटकीने सहज गाठले.

गावाने या संकटाला जे उत्तर दिले ते म्हणजे मरीआईचा गाडा. गावाच्या वेशीबाहेर शेंदूर फासलेला मरीआईचा तांदळा असे. साथ आली की छोटा लाकडी गाडा करून त्यावर देवीची मूर्ती, हिरवे लुगडे, खण, बांगड्या, लिंबे आणि दहीभाताचा नैवेद्य ठेवत, आणि अंगावर कोरडा ओढणाऱ्या पोतराजाच्या साथीने तो वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडत. शेजारचे गाव तो आपल्या शिवेवर राहू देत नसे. तेही त्याला पुढच्या शिवेवर ढकलत असे, आणि यावरून गावागावांत तंटे होत. याच जिल्ह्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी ‘मरीआईचा गाडा’ या नावाची कथा लिहिली, यावरून ही प्रथा इथल्या जीवनात किती खोल रुजली होती हे दिसते.

या प्रथेला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. रोग गावोगाव चालत जातो हे गावाने अचूक हेरले होते, आणि मरीआईच्या पूजेचा आषाढ हा साथीचाच महिना होता. हुकला तो मार्ग: रोग शिवेवरून येत असला तरी घरात शिरत होता तो घागरीतून. अधिक दुःखाची गोष्ट अशी की मरीआईची सेवा करण्याचा भार ज्या मांग-महार समाजांवर होता, त्यांनाच गावाच्या विहिरीवर पाणी भरण्यास मज्जाव होता; ओढ्याच्या आणि झऱ्याच्या उघड्या पाण्यावर त्यांना भागवावे लागे, म्हणजे साथीचा पहिला घाव झेलण्याचीच ती व्यवस्था होती.

आषाढ हा वारीचाही महिना. कर्नाटकातून आणि मिरज-कोल्हापूरकडून निघालेल्या दिंड्या याच कोरड्या मुलखातून पंढरपूरला जात, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात जमलेल्या लाखोंच्या मेळ्यातून परतणारे वारकरी कधी कधी प्रसादाबरोबर पटकीही घेऊन येत. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लोहवाट 1927 साली पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली आणि कवठे महांकाळला स्थानक मिळाले, तेव्हा चार दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. रोगाच्या सुप्तावस्थेत, म्हणजे लक्षणे दिसण्याआधीच, बाधित माणूस घरी पोहोचू लागला. पुढे यात्रेकरूंना कॉलऱ्याची लस टोचून घेणे सक्तीचे झाले.

रॉबर्ट कॉख याने 1883-84 मध्ये इजिप्त व कलकत्ता येथे जीवाणू ओळखल्यानंतर उपायांची दिशा विहिरीकडे वळली. विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी गुलाबी करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली, आणि नंतर तिची जागा विरंजक चूर्णाने, म्हणजे ग्रामपंचायतीच्या भाषेत टीसीएल पावडरीने, घेतली. हे काम दिसायला साधे, पण हिशेबाचे आहे: 4 मीटर व्यासाच्या विहिरीत 3 मीटर पाणी असेल तर ते सुमारे 37,700 लिटर भरते, आणि 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम या प्रमाणाने त्यासाठी सुमारे 95 ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडायचे आणि तासाभराने, पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का हे दाखवणाऱ्या ओटी चाचणीच्या नळीत पिवळा रंग येतो का ते पाहायचे. उघडी राहून दमट झालेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, आणि मग मोजमाप कितीही चोख असले तरी पाणी शुद्ध होत नाही.

मृत्यू मात्र आणखी एका शोधाने थांबले. शंभुनाथ डे यांनी 1959 साली कलकत्त्यात कॉलऱ्याचे विष सिद्ध केले, आणि 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व पाणी यांचे द्रावण पाजून मृत्यूंचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आणले. साखरेबरोबर मीठ आणि पाणी आतड्यात शोषले जाते, हे त्यामागचे तत्त्व. आज म्हैसाळ योजनेतून उपसलेले कृष्णेचे पाणी कवठे महांकाळच्या शिवारात खेळते, पण ते पिण्याजोगे करण्याचे काम अजूनही ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकालाच रोज करावे लागते.